ब्लेझर्सचा मालक बदलतोय. टीम पोर्टलँडलाच राहील ना?

टिळकवाडी_कोर्ट

नमस्कार मंडळी. २०२५ चा ऑगस्ट चाललाय, गणपती आठवड्यावर आलेत, घरात आवराआवर चाललीय, आणि माझं लक्ष मात्र अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या एका टीमकडं लागलंय. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या पोर्टलँड ट्रेल ब्लेझर्सचा सौदा ठरला. डॅलसचे टॉम डंडन आणि त्यांचा गट टीम घेतोय. आकडा चारशे कोटी डॉलरच्या वर असल्याचं सगळीकडं छापून आलंय. लीगमधल्या मालकांची मंजुरी व्हायचीय. तीसपैकी तेवीस जण हो म्हणाले की झालं.

बेळगावच्या माणसाला पोर्टलँडचं काय एवढं, असं विचाराल. माझा मामेभाऊ १९९९ मध्ये नोकरीसाठी तिकडं गेला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा आजीला शाल आणली आणि मला काळ्या-लाल रंगाची जर्सी. मी तेव्हा कॉलेजच्या टीममध्ये होतो. धुऊन धुऊन तिच्या पाठीवरचा आकडा उडाला, तरी सरावाला तीच घालायचो. टीम निवडायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ती घरी आली, आणि घरी आलेल्याला आपण नाही म्हणत नाही.

आता मी एका शाळेत पी.टी. शिकवतो. आमचं कोर्ट सिमेंटचं आहे. जून ते सप्टेंबर त्यावर शेवाळ धरतं. पोरं ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासतात, तरी फ्री थ्रोच्या रेषेपाशी एक हिरवट पट्टा राहतोच. बाजारातली जाळी एका पावसाळ्यात कुजते, म्हणून रिंगला आम्ही नायलॉनची दोरी विणून बांधतो. चेंडू बोर्डाला न लागता आत गेला की ती दोरी ‘सप्प’ असा आवाज करते. त्या आवाजासाठी पोरं अंधार पडेपर्यंत घरी जात नाहीत.

२४ एप्रिल २०१९ ची सकाळ सांगतो. आदल्या दिवशी आपल्याकडं लोकसभेचं मतदान होतं आणि माझी ड्यूटी लांबच्या एका खेड्यात लागली होती. यंत्रं जमा करून घरी पोचायला रात्रीचे दोन वाजले. सकाळी आठला पोरानं हलवून उठवलं, ‘बाबा, मॅच सुरू झाली.’ अंगात त्राण नव्हतं. बोटावरची शाई तशीच, हातात चहा, आणि समोर फोनच्या एवढ्याशा पडद्यावर पोर्टलँड आणि ओक्लाहोमा. शेवटचे काही सेकंद, ११५-११५. पोर्टलँडचा डेमियन लिलार्ड मधल्या रेषेच्या जरा पुढं उभा राहून नुसता चेंडू आपटतोय. मी पोराला म्हणालो, ‘अरे हा पुढं का जात नाही?’ तोवर त्यानं सदतीस फुटांवरून मारला. ११८-११५, मालिका संपली. लिलार्डचे त्या दिवशी पन्नास गुण झाले. बाप-लेक एवढ्या जोरात ओरडलो की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या, निवडणुकीचा निकाल लागला की काय म्हणून.

तर मला धास्ती वाटतेय. नवा मालक किती श्रीमंत आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. तो टीम पोर्टलँडला ठेवणार का, एवढंच मला कळायला हवंय. जाणकारांनी लिहावं.

---

निपाणीकर

सर, आधी व्यवहार बघूया. पॉल ॲलन यांनी ही टीम १९८८ मध्ये सात कोटी डॉलरला घेतली होती. आज चारशे कोटींच्या वर. याच वर्षी बोस्टन सेल्टिक्स ६१० कोटींना गेली आणि लेकर्सचं मूल्य हजार कोटी धरलं गेलं. एवढा पैसा घालणारा माणूस उगाच टीम हलवून घाट्यात जाणार नाही. पोर्टलँडसारखं एकनिष्ठ गाव सोडून जायचं कुठं? तिथं १९७७ ते १९९५ सलग ८१४ मॅचची तिकिटं संपली होती. असा प्रेक्षक विकत मिळत नाही. माझ्या मते काळजीचं कारण नाही.

---

शहापूरची_लेक

मी मूळची शहापूरची, बारा वर्षं झाली बीव्हर्टनला आहे. पोर्टलँडला अगदी लागून. इथलं वातावरण सांगते.

ही विक्री अचानक झालेली नाही. पॉल ॲलन ऑक्टोबर २०१८ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मालमत्ता विकून पैसा दानधर्माला जायचा आहे, आणि ती जबाबदारी त्यांची बहीण जोडी ॲलन बघतात. म्हणजे कधीतरी टीम विकली जाणार हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. २०२२ मध्ये नायकीचे फिल नाइट यांनी दोनशे कोटींच्या वर देऊ केले होते, तेव्हा ‘विकायची नाही’ असं उत्तर आलं. लोक त्यावर अजून हळहळतात. नायकी इथलीच, माणूस इथलाच, घरचाच मालक मिळाला असता ना! मग यंदा मे महिन्यात विक्री जाहीर झाली आणि तेव्हापासून सगळ्यांचा जीव टांगणीला.

माझ्या शेजारी एक आजी राहतात, सत्तरी ओलांडलेल्या. १९७७ मध्ये ब्लेझर्सनी फिलाडेल्फियाला ४-२ हरवून विजेतेपद मिळवलं तेव्हा त्या तरुण होत्या, मिरवणुकीत होत्या. ब्लेझर्सचं ते एकमेव विजेतेपद. त्या टीममधले बिल वॉल्टन गेल्या वर्षी वारले तेव्हा आजींनी दारात लाल गुलाब ठेवले होते. विक्रीची बातमी आली त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेले. त्या काही बोलल्या नाहीत. कपाटातून जुना लाल स्कार्फ काढून मांडीवर घेतला आणि त्याच्या कडेचे निघालेले दोरे एकेक करून आत खोवत बसल्या. मला आमची आई आठवली. जुन्या वाड्याचा व्यवहार झाला त्या दिवशी ती अशीच गव्हाचे खडे निवडत बसली होती.

गटात पोर्टलँडचाही एक गुंतवणूकदार आहे, आणि टीम इथंच ठेवायचा विचार असल्याचं बातम्यांत आहे. लोक ते वाचतात, मान डोलावतात, पण विश्वास अर्धाच.

---

अनगोळकर

सर, तुमचं दुःख आम्हाला विचारा. आपली क्रिकेटची बेळगावी पँथर्स कुठं हाय आता? २०१७ ला कर्नाटक प्रीमियर लीग जिंकली हुती आपल्या टीमनं. गल्लीत फटाके वाजले हुते. दोन वर्षांत सगळं बेटिंगच्या भानगडीत बुडालं. लीगच बंद. मग २०२२ ला महाराजा ट्रॉफी आली नव्या नावानं. सहा टीमा. बेंगळुरू, म्हैसूर, हुबळी, गुलबर्गा, मंगळुरू, शिवमोग्गा. बेळगाव नाही!

कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. माझ्याकडं अजून ती टोपी हाय. पोरगं विचारतंय, ‘ही कुठली टीम?’ काय सांगू त्याला? आणि हुबळीला टाळ्या वाजवा म्हणतात. वाजवतो की, शेजारीच हाय. पण आपली ती आपली.

---

निपाणीकर

@अनगोळकर, हे मात्र पटलं. आमच्याकडं तर गंमतच वेगळी. निपाणीतली निम्मी पोरं महाराष्ट्र प्रीमियर लीगमधल्या कोल्हापूर टस्कर्सला आपली टीम म्हणतात. मॅच लागली की हॉटेलात टीव्हीपुढं गर्दी. पण गावातल्या पोराला क्रिकेटमध्ये पुढं जायचं तर दार बेंगळुरूचं. जीव एकीकडं, कागद दुसरीकडं.

---

खडेबाजार

कृपया प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणू नका. बास्केटबॉलवर बोलूया.

---

अनगोळकर

आणला कुणी? आमच्या रेशनकार्डावर एक भाषा, तुळशीपुढं म्हणायची आरती दुसऱ्या भाषेत. हे घरातलंच हाय. कुणाशी भांडायला बोललो नाही. टीम गेल्यावर कसं वाटतंय ते सांगितलं.

---

जुना_सोनिक्सवाला

@निपाणीकर, ‘असा प्रेक्षक सोडून कोण जाईल’ हेच सिएटलचे लोक म्हणत होते. मी २००५ ते २००९ तिथं होतो, आता बेळगावच्या कॅम्पात घर आहे. डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितो.

सिएटल सुपरसोनिक्स १९६७ पासूनची टीम. १९७९ चं विजेतेपद. मालक होते स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ, म्हणजे गावातलेच. त्यांनी २००६ मध्ये ३५ कोटी डॉलरला टीम ओक्लाहोमाच्या एका गटाला विकली. तेव्हाही सांगितलं गेलं की टीम सिएटललाच ठेवायचा प्रयत्न होईल. मग नव्या अरिनाचा विषय निघाला. सरकारी पैसा मिळेना. शहराशी भाडेकरार २०१० पर्यंत होता, त्यावर कोर्टात दावा चालला. आणि जुलै २००८ मध्ये साडेचार कोटी डॉलर देऊन तडजोड झाली. टीम गेली. केव्हिन ड्युरँट नावाचा कोवळा पोरगा एकच सीझन आमच्याकडं खेळला होता. तोही गेला.

नाव आणि हिरवा-सोनेरी रंग सिएटलला ठेवला, एवढीच काय ती भरपाई. देव्हारा ठेवला, देव नेला. यंदा जूनमध्ये ओक्लाहोमा विजेते झाले. सतरा वर्षांनी. मी मॅच लावली होती, तिसऱ्या क्वार्टरला बंद केली.

शेवटच्या घरच्या मॅचला मी वर, अगदी छताखाली बसलो होतो. मॅच संपल्यावर अर्धा तास कुणी जागचं हलत नव्हतं. झाडूवाले खालच्या रांगांतून कचरा गोळा करायला लागले तरी वर लोक बसूनच. आरोळ्या थांबल्या होत्या. खुर्च्यांचे फळे आपटल्याचा आवाज मधूनमधून यायचा, तेवढाच.

म्हणून सांगतो, मालक गावातला की बाहेरचा हे बघू नका. भाडेकरार किती वर्षांचा आहे ते बघा. ब्लेझर्सचं अरिना आता पोर्टलँड शहराच्या मालकीचं आहे आणि करार २०३० पर्यंतचा आहे. पाच वर्षं. इमारत १९९५ ची, तीस वर्षं जुनी. ‘नवीन बांधा’ ही मागणी येणारच. खरी परीक्षा तेव्हा.

---

टिळकवाडी_कोर्ट

@जुना_सोनिक्सवाला, वाचून घशाशी आलं. पोर्टलँड ते सिएटल जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर. शेजारच्या घरात झालेलं त्यांनी बघितलंय, म्हणूनच तर भीती.

---

वडगाव_७

डंडन यांच्याबद्दल दोन्ही बाजू मांडतो, कारण मी आइस हॉकी बघतो आणि ते कॅरोलायना हरिकेन्सचे मालक आहेत. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी तिचा ताबा घेतला तेव्हा टीम २००९ नंतर एकदाही प्लेऑफला गेली नव्हती. २०१९ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. टीम हलवतील अशी तिथंही कुजबुज होती. उलट २०२३ मध्ये त्यांनी तिथल्या अरिनाशी वीस वर्षांचा करार केला. हे जमेला धरा.

आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये अमेरिकन फुटबॉलची एक नवी लीग निघाली होती, एएएफ. डंडन यांनी सुरुवातीलाच तिला आधार दिला, पंचवीस कोटी डॉलरचा शब्द होता. पहिला सीझनही पुरा व्हायच्या आत, आठ आठवड्यांत, लीग बंद केली. खेळाडू रस्त्यावर आले. म्हणजे माणूस हिशेबी आहे. हिशेब जुळला तर उभा राहतो, नाही जुळला तर थांबत नाही.

माझं मत विचाराल तर टीम जिंकेल. पण जिंकणं म्हणजे राहणं नव्हे.

---

हिंडलग्याचा_गार्ड

माझी दुसरी टीम सॅक्रामेंटो किंग्ज आहे, आणि तिची गोष्ट सिएटलच्या उलटी आहे म्हणून लिहितो. २०१३ मध्ये किंग्ज जवळजवळ गेलेच होते. आणि गंमत अशी की ते जाणार होते सिएटलला! तिकडच्या गटाशी सौदाही ठरला होता. मग गाव उठलं. महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः जुने एनबीए खेळाडू. त्यांनी नवा खरेदीदार गट उभा केला, नगरपालिकेनं नव्या अरिनाची योजना मंजूर केली. मालकांच्या बैठकीत टीम हलवायचा प्रस्ताव २२-८ नं पडला. आणि टीम घेतली कुणी? मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी. नवं अरिना २०१६ मध्ये उभं राहिलं.

तीच टीम ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळायला आली. मी रात्रीच्या बसनं गेलो. सकाळी दादरला उतरलो, मावशीकडं आंघोळ केली, आणि दुपारपासून दारात उभा. इंडियाना पेसर्सनी किंग्जना १३०-१०६ धुतलं, पण मला काय त्याचं! सात फुटी माणूस धावताना लाकडी फ्लोअर कसा दणदणतो ते फोनवर कळत नाही. बुटांचा करकर आवाज थेट कानात. मी परत आलो आणि आठवडाभर आमच्या मैदानावर पोरांना फक्त पायांचं काम शिकवत होतो.

सिएटल आणि सॅक्रामेंटो, प्रेम दोन्हीकडं सारखंच होतं. फरक पडला तो महापौर आणि नगरपालिका वेळेत हलल्यामुळं.

---

खानापूरकर

मी बास्केटबॉल फारसा बघत नाही. मुलगी टिळकवाडी_कोर्ट सरांकडं शिकते म्हणून धागा वाचला, आणि वाचून राहवलं नाही.

आमची तीन एकर जमीन खानापूरजवळ. आजोबा कुळ होते. भाताची रोपं लावताना गुडघाभर चिखलात ते, वाफे बांधायचे ते, सुगीला मालकाच्या अंगणात पोती नेऊन टाकायची तीही त्यांनीच. मालक वर्षातून एकदा यायचा. १९७४ मध्ये कर्नाटकात नवा कुळकायदा आला, कसेल त्याची जमीन. आजोबा निरक्षर. पण शेजारच्या मास्तरांनी रात्री कंदिलाजवळ बसून त्यांचा फॉर्म नंबर ७ भरून दिला. दोन मैल चालत जाऊन आजोबांनी तो दिला, आणि पोच पदराला बांधल्यासारखी धोतराच्या सोग्यात बांधून आणली. जमीन आमची झाली. आमच्याच भावकीतल्या एकानं तीस वर्षं दुसऱ्याची जमीन कसली होती. ‘मालक चांगला आहे, तो आपल्याला काढणार नाही’ म्हणून त्यानं फॉर्म भरलाच नाही. मालक चांगलाच होता. त्याच्या मुलांनी काढलं.

तुमच्या टीमला कसतं कोण? ती ८१४ मॅचची तिकिटं काढणारी माणसंच ना? शहापूरच्या ताईंच्या शेजारच्या आजीच ना? पण त्यांच्यासाठी फॉर्म नंबर ७ नाही. म्हणून सोनिक्सवाले साहेब म्हणतात तो करार महत्त्वाचा. नवा मालक चांगला निघो, माझी सदिच्छा आहे. पण गावानं ‘तो चांगला आहे’ एवढ्यावर बसू नये. २०३० च्या आत लांबचा करार सहीशिक्क्यानिशी करून घ्यावा.

---

शहापूरची_लेक

@खानापूरकर काका, तुमचं लिहिणं मी मराठीतून इंग्रजीत करून शेजारच्या आजींना वाचून दाखवलं. कंदील आणि फॉर्म दोन्ही समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘ज्यानं फॉर्म भरला नाही, त्याचं पुढं काय झालं?’

---

खानापूरकर

ताई, तो शेवटपर्यंत दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेला. त्याच बांधावरून जायचा.

---

रविवार_पेठ

कोल्हापूरकडं बघा की. तिथं फुटबॉलच्या टीमा पेठांच्या आहेत, तालीम मंडळांच्या. पाटाकडील, खंडोबा, फुलेवाडी. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच असली की अख्खं शहर दोन भागांत वाटलं जातं. अध्यक्ष बदलतात, टीम पेठेतून हलत नाही. आपल्या गल्लीतला गणपती तसाच. वर्गणी सगळ्यांची, मूर्ती कुणा एकाची नाही. अमेरिकेतही ग्रीन बे पॅकर्स आहेत ना, १९२३ पासून लोकांच्या शेअरवर चाललेली अमेरिकन फुटबॉलची टीम? लहानसं गाव, पण शंभर वर्षांत टीम कुठं गेली नाही. तसं बास्केटबॉलला का होऊ नये?

---

निपाणीकर

कल्पना चांगली, पण चारशे कोटी डॉलरची वर्गणी कुठली गल्ली काढणार? १९२३ मध्ये जमलं ते आज जमत नाही. मी मात्र वर लिहिलेलं एक वाक्य मागं घेतो. ‘काळजीचं कारण नाही’ हे घाईत लिहिलं होतं. सिएटलचा हिशेब मला माहीत नव्हता.

---

पॉइंट_गार्ड_११

सर मी तुमची विद्यार्थिनी. लिलार्ड परत आलाय ना पोर्टलँडला? मग तो खेळणार का यंदा?

---

टिळकवाडी_कोर्ट

@पॉइंट_गार्ड_११, हो, २०२३ मध्ये तो मिलवॉकीला गेला होता, गेल्या महिन्यात तीन वर्षांच्या करारावर परत आला. पण त्याच्या टाचेमागचा स्नायुबंध फाटलाय, अकिलीसची दुखापत. त्यातून उठायला वर्ष जातं, घाई करून चालत नाही. तुला मी ‘वॉर्म-अप टाळू नको’ म्हणतो ते याचसाठी.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढला तेव्हा मालक कोण यावर माझं डोकं फिरत होतं. आता मी २०३० वर नजर ठेवणार. शहापूरच्या ताई, तिकडं अरिनाच्या कराराची बैठक लागली, लोकांना बोलायला वेळ दिला, तर इथं कळवा. आमचं तिथं मत नाही, पण तुमचं आहे. तुम्ही जा, आजींनाही न्या.

---

शहापूरची_लेक

जाणारच. आणि सर, या सीझनला मॅचला गेले की तुमच्या पोरांसाठी जर्सी पाठवू का? किती आहेत मुलं?

---

टिळकवाडी_कोर्ट

जर्सी नको ताई, पोस्टाचा खर्चच जास्त होईल. छताला १९७७ चा बॅनर टांगलेला असतो, त्याचा एक चांगला मोठा फोटो काढून पाठवा. बोर्डाच्या मागच्या भिंतीवर लावतो. ऑक्टोबरातली घरची मॅच आपल्याकडं सकाळी साडेसातच्या सुमारास लागेल, शाळेआधी पोरांना निम्मी तरी दाखवता येईल.

आणि पॉइंट_गार्ड_११, रविवारी सात वाजता कोर्ट घासायचंय. खराटा आण. दोरी मी आणतो, रिंगची जाळी तीन ठिकाणी तुटलीय.